धडधाकट कुत्रीला दवाखान्यात नेताना

आजारी जनावराला दवाखान्यात नेणं त्यामानाने सोपं. ते मान टाकून पडलेलं असतं, घरातलं कुणी आडवं येत नाही आणि पैशांचा विचार नंतर होतो. पण अंगणात उड्या मारणाऱ्या, जेवणाच्या वेळी ताटलीपुढे आधीच येऊन बसणाऱ्या कुत्रीला उचलून न्यायचं म्हटलं की प्रत्येकाला काहीतरी सुचतं. सासूबाई म्हणणार, "अगं, चांगली खातीय-पितीय, उगं कशाला सुया टोचायच्या तिला?" नवरा म्हणणार, "पुढच्या रविवारी बघू." आणि पुढचा रविवार कुणाच्या तरी लग्नाचा नाहीतर वास्तुशांतीचा निघतो. भुरीच्या पहिल्या वर्षात औषधं आणि इंजेक्शनं हा भाग अवघड नव्हताच. काहीच झालेलं नसताना वेळेवर उठून जाणं, हे अवघड होतं.

भुरी आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर आली. मंडईमागच्या बोळात एक कुत्री व्याली होती, त्यातलं शेवटचं उरलेलं पिल्लू. साताऱ्यातलं आमचं घर पेठेतलं, जुनं. दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळया, मागे न्हाणी आणि छोटं अंगण. घराचं वर्णन मुद्दाम केलं, कारण पुढे गोचिडांच्या प्रकरणात या भिंतींचा मोठा वाटा आहे. घरात आधीपासून एक बोकाही आहे, सासूबाईंचा लाडका बाळ्या. त्याचाही वाटा आहे.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी लस दिलीच नाही. दुधाचे दात बघून वय दीड महिन्याच्या आसपास ठरवलं, वजन केलं, ताप मोजला. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, म्हणजे हात लावून 'अंग गरम लागतंय' म्हणण्याला काही अर्थ नसतो, हे तिथे कळलं. मग त्यांनी पोट चाचपलं. बरगड्या दिसत होत्या आणि पोट मात्र टम्म. "आधी जंत काढू, लस पुढच्या आठवड्यात," म्हणाले.

आम्ही तिला बाहेरचं काही खायला दिलं नव्हतं, मग जंत कुठून आले? तर गोल जंतांच्या अळ्या आईच्या पोटात असतानाच पिल्लात शिरतात, राहिलेल्या दुधातून जातात. म्हणजे रस्त्यावरचं असो की महागडं विकत आणलेलं, पिल्लाला जंत आहेत असं धरूनच चालायचं. औषध वजनावर दिलं जातं, आणि पिल्लाचं वजन दर आठवड्याला बदलतं, त्यामुळे मागच्या वेळचा डोस या वेळी चालत नाही. घरी वजन करायची सोपी रीत: काट्यावर आधी आपण एकटं उभं राहायचं, मग तिला घेऊन, आणि वजाबाकी. माझं वजन त्यामुळे घरात जाहीर झालं, तो भाग सोडून द्या. सुरुवातीला दर पंधरवड्याने, मग सहा महिन्यांची होईपर्यंत महिन्याने आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी, असा जंताच्या औषधाचा क्रम डॉक्टरांनी लिहून दिला.

औषधाच्या दुसऱ्या दिवशी जे पडलं त्याचं वर्णन करत नाही. पण सासूबाईंनी ते पाहिलं, आणि 'चांगली खातीय-पितीय' हे वाक्य काही दिवस बंद पडलं. त्याहून जास्त परिणाम डॉक्टरांनी सांगितलेल्या दुसऱ्या गोष्टीचा झाला. या जंतांची अंडी माणसाच्या पोटात गेली, विशेषतः मातीत खेळणाऱ्या मुलांच्या, तर अळ्या शरीरात फिरतात, क्वचित डोळ्यापर्यंतही पोचतात. आमची मुलगी तिसरीत, अंगणातल्या मातीत तिचा अर्धा दिवस जातो. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधत नाहीत, मातीत तयार व्हायला त्यांना दोनेक आठवडे लागतात. त्यामुळे रोजच्या रोज उचलून टाकलं की निम्मं काम झालं. तेव्हापासून सकाळी अंगण झाडण्याआधी खुरपं आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन एक फेरी असते. मुलगी हात धुतल्याशिवाय ताटावर बसत नाही.

लसींबद्दल माझा समज असा होता की एक टोचली की झालं. मग पुस्तिकेवर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने तारखा पडल्या तेव्हा मीसुद्धा मनात म्हटलं, हे जरा जास्तच होतंय. कारण विचारलं तर उत्तर पटण्यासारखं होतं. व्यालेल्या कुत्रीच्या चिकातून पिल्लाला तयार प्रतिपिंडं मिळतात. ती जोवर रक्तात आहेत तोवर बाहेरून दिलेली लसही तीच निकामी करून टाकतात. ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, आणि मधे एक असा काळ येतो की रोगाला अडवायला ती अपुरी पडतात पण लसीला पुरून उरतात. म्हणून सोळा आठवड्यांचं होईपर्यंत लस पुन्हा पुन्हा द्यायची, त्यातली एखादी नेमकी लागू पडते. त्यातला शेवटचा डोस चुकवला तर आधीच्या सगळ्यांवर विसंबता येत नाही. आणि लोक चुकवतात तो नेमका हाच, कारण तोवर पिल्लू चांगलं गुटगुटीत झालेलं असतं.

ही लस डिस्टेंपर, पार्व्हो, हिपॅटायटिस आणि लेप्टो या रोगांवरची असते. पार्व्होची धास्ती सगळ्यांत जास्त, पिल्लं उलट्या आणि रक्ताच्या जुलाबांनी बघता बघता जातात. हा रोग तसा जुना नाही, 1978 च्या सुमारास तो जगभर एकदम पसरला. विषाणू मात्र चिवट. मातीत कित्येक महिने टिकतो, बुटाला लागून घरात येतो, आणि आपण भरवशाने शिंपडतो त्या फिनेलला दाद देत नाही. त्याला ब्लीच लागतं, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी. लसी पूर्ण होईपर्यंत आमच्याकडे चपला उंबऱ्याबाहेर, हा नियम पाहुण्यांनाही होता. चुलत सासरे त्यावरून थोडे रुसलेही.

पण पिल्लू चार महिने घरात कोंडायचं नाही, हेही डॉक्टरांनी बजावलं. साधारण तीन ते चौदा आठवडे या वयात जे बघितलं-ऐकलं त्याची कुत्र्याला पुढे भीती राहत नाही. म्हणून मी तिला खांद्याच्या झोळीत घालून फिरवलं. पाय जमिनीला लागू द्यायचा नाही, बाकी सगळं बघू द्यायचं: राजवाड्यासमोरची गर्दी, एसटी, वरातीचा बँड, पोलीस, छत्री उघडणारी माणसं. आज फटाक्यांना ती फारशी बिचकत नाही, याचं श्रेय मी त्या झोळीला देते.

एक बारीक गोष्ट पाहून ठेवण्यासारखी. लस 2 ते 8 अंश सेल्सियसला ठेवावी लागते. आमचे डॉक्टर फ्रीजमधून दोन बाटल्या काढतात, एकीत कोरडी वडी, दुसरीत द्रव, आपल्यासमोर मिसळतात आणि बाटलीवरची चिठ्ठी पुस्तिकेत चिकटवतात. तिच्यावर बॅच नंबर असतो, मुदतीची तारीख असते. लस बाहेरून विकत घेऊन पिशवीतून उन्हातान्हात नेण्यापेक्षा हे बरं. टोचल्यानंतर वीस-तीस मिनिटं तिथेच बाकावर बसायचं. लसीची रिअ‍ॅक्शन आलीच तर बहुतेक त्याच वेळात येते, तोंड सुजतं, उलटी होते. आमचं बसणं दरवेळी फुकट गेलं, आणि मी त्यावर खूश आहे.

रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. इथे मात्र सासूबाईंना समजवावं लागलं नाही. त्यांच्या लहानपणी वाड्यात एकाला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं आणि पोटात घ्यायच्या चौदा इंजेक्शनांची आठवण त्यांच्या पिढीला अजून आहे. ती जुनी लस भारतात 2004 च्या अखेरीस बंद झाली, आता दंडात मोजकी इंजेक्शनं असतात. रोग तोच राहिला, एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही. मुलीला मी एवढंच पाठ करून घेतलंय: कुठलंही कुत्रं-मांजर चावलं किंवा नखाचा ओरखडा आला तर आधी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, मग घरी सांगायचं, आणि रागावणार कुणी नाही. शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. मुलं चावल्याचं लपवतात ती ओरडा बसेल म्हणून. आपलं कुत्रं लस घेतलेलं असलं तरी चावल्यावर आपल्या डॉक्टरांना विचारायचंच.

लेप्टोची लस पावसाळ्याआधी. हा रोग उंदराच्या मुतातून साचलेल्या पाण्यात जातो, तिथून कुत्र्यात आणि माणसातही. साताऱ्याचा पाऊस आणि पेठेतले उंदीर, दोन्ही सांगायला नकोत.

आता गोचीड. खरं वर्ष यातच गेलं.

पहिला सापडला तो कानाच्या घडीत, दुसरा पायाच्या बोटांच्या मधे. आमच्या गल्लीत यावर उपाय सांगणाऱ्यांची कमी नाही. कुणी रॉकेल चोळा म्हणालं, कुणी तंबाखूचं पाणी, कुणी कडुलिंबाचा पाला उकळून अंघोळ. रॉकेलने कातडी भाजते आणि ते कुत्रं चाटतं. तंबाखूतलं निकोटिन तर विषच. कडुलिंबाने अपाय नाही, पण एवढ्यावर गोचीड हटत नाहीत, हे मी करून पाहिल्यावर सांगते. उपटताना चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सरळ ओढायचा, पिळायचा नाही, नखाने चिरडायचा तर मुळीच नाही. साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकायचा.

मला वाटत होतं की गोचीड कुत्र्यावरच राहतात. तसं नाही. कुत्र्याचा हा तपकिरी गोचीड बहुतेक आयुष्य कुत्र्यापासून दूर काढतो. अंड्यातून निघालेली सहा पायांची बारीक पिल्लं कुत्र्यावर चढून रक्त पितात, गळून पडतात, फटीत जाऊन कात टाकतात. मग आठ पायांची होऊन पुन्हा चढतात, पुन्हा पडतात, पुन्हा कात टाकतात. मोठी मादी पोटभर पिऊन पडते आणि भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालून मरते. उपाशीपोटी ते महिनोन्‌महिने काढू शकतात. आणि त्यांना वर चढायची खोड असते. मी टॉर्च घेऊन शोधायला लागले तेव्हा ते भुरीच्या गोणपाटात कमी आणि दाराच्या चौकटीच्या वरच्या सांध्यात, आजेसासऱ्यांच्या तसबिरीमागे, तुळईच्या फटीत जास्त होते. देवघराच्या कोनाड्यात निघाले तेव्हा सासूबाई या लढाईत स्वतःहून उतरल्या.

अंगावर लावायचं औषध निवडताना बाळ्या आडवा आला. कुत्र्यांसाठीच्या कित्येक औषधांत परमेथ्रिन असतं, ते कुत्र्याला चालतं, मांजराला झटके आणून मारू शकतं. ही दोघं एकाच पोत्यावर झोपतात, एकमेकांना चाटतात. अंघोळीच्या पाण्यात घालायचं अमिट्राझही मांजरासाठी वाईट. म्हणून डॉक्टरांनी पोटातून द्यायची गोळी सुचवली. अफॉक्सोलेनरची महिन्याला एक, फ्लुरालेनरची बारा आठवड्यांना एक. देण्याआधी त्यांनी विचारलं, हिला कधी झटका, आकडी वगैरे आली होती का. ज्या कुत्र्यांना येते त्यांना या जातीची औषधं जपून देतात. गोळीची किंमत ऐकून नवऱ्याने पुन्हा एकदा विचारली.

गोळीने गोचीड चावल्यावर मरतो, चावण्याआधी नाही. तेव्हा पहिल्या महिन्यात अंगावर गोचीड दिसतच राहतात आणि घरचे म्हणतात, "बघ, पैसे वाया." मी तेव्हा भिंतींकडे बोट दाखवायचे. आत जेवढे आहेत ते एकेक करून बाहेर येणार, हिच्यावर चढणार आणि मरणार; गोळी मधे थांबवली तर उरलेले पुन्हा अंडी घालणार. त्यामुळे गोचीड दिसेनासे झाल्यावरही आम्ही गोळ्या चालू ठेवल्या, आणि भांडण सगळ्यांत जास्त झालं ते याच टप्प्यावर. बरोबरीने गवंडी बोलावून खालच्या खोल्यांच्या भेगा सिमेंटने बुजवल्या, चौकटींना लांबी भरली, गोणपाट जाळून टाकलं आणि उकळत्या पाण्यात धुता येईल अशी जुन्या साडीची गोधडी केली.

इतकं करण्याचं कारण खाज नव्हे. आमच्या मागच्या आळीतल्या एका तगड्या कुत्र्याच्या नाकातून रक्त यायला लागलं. त्याच्या मालकांना वाटलं मार बसला असेल. तो गोचीड ताप होता, एर्लिकिया. रक्तातल्या प्लेटलेट पार खाली गेल्या होत्या. चार आठवडे डॉक्सिसायक्लिन आणि सलाइन, आणि वाचला. बाबेसिया हा दुसरा प्रकार, त्यात तांबड्या पेशी फुटतात, लघवी गडद होते. दोन्हींत सुरुवातीला दिसतं ते एवढंच: जेवणावर वासना नाही, अंग टाकून बसणं, हिरड्या फिक्या. म्हणून रोज संध्याकाळी मुलगी भुरीचं ओठ वर करून हिरडी बघते, बोटाने दाबते, पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत गुलाबी होते का बघते, मग कान, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली. तिला हे डॉक्टर-डॉक्टर खेळणं वाटतं, मला चालतं.

नसबंदीसाठी शिरवळला गेलो, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात. तिथे शिकणारी मुलं असतात, एका कुत्रीभोवती चार जणं, त्यामुळे वेळ लागतो, पण प्रत्येक गोष्ट आपल्यासमोर मोठ्याने बोलली जाते आणि आपलंही शिक्षण होतं. घरात यावर आधी बरीच चर्चा झाली होती. "एकदा तरी पिल्लं होऊ देत, मग करा," असं सासूबाईंचं म्हणणं. एकदा व्याली की कुत्रीची तब्येत सुधारते, या समजाला आधार नाही. उलट पहिल्यांदा माजावर येण्याआधी ऑपरेशन झालं तर स्तनाच्या गाठींचा धोका खूप कमी होतो. आणि गर्भाशय काढल्यावर त्यात पू होण्याचा प्रश्नच उरत नाही, जो वयस्कर कुत्र्यांच्या जिवावर बेततो. आदल्या रात्रीपासून उपाशी, आधी रक्ताची तपासणी. जाताना खंबाटकीचा बोगदा, येताना घाट. घाटातल्या वळणांवर गुंगीतली भुरी माझ्या मांडीवरून घसरू नये म्हणून मी तिला धरून बसले होते. गळ्यातलं प्लास्टिकचं नरसाळं तिने दाराच्या चौकटींवर आपटून फोडलं, मग मुलीचा जुना फ्रॉक पोटाला बांधून टाके सुकेपर्यंत दिवस काढले. त्यानंतर तिचं खाणं थोडं कमी करावं लागलं, नसबंदीनंतर तेवढ्याच अन्नावर जनावर फुगतं.

खाण्यावरून स्वयंपाकघरात वेगळीच पंचाईत. आपल्या ताटातलं कुत्र्याला घालायची पद्धत जुनी आहे, पण आपल्या ताटात कांदा नाही असं काय असतं? कांदा-लसूण, शिजवलेलाही, कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फोडतो. बेदाण्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, म्हणजे सत्यनारायणाचा शिरा बंद. चॉकलेट बंद. शिजवलेल्या कोंबडीची हाडं बंद, ती चिरफळतात. भुरीचं वेगळं पातेलं आहे: भात, कोंबडी किंवा अंडं, भोपळा, मीठ-मसाला नाही, आणि बरोबर थोडं तयार खाद्य, कारण नुसत्या घरच्या जेवणात कॅल्शियम कमी पडतं. बरगड्या दिसू नयेत पण हात फिरवला तर लागाव्यात, हे वजनाचं सोपं माप. दात कुत्र्यांच्याच पेस्टने घासायचे. आपल्या पेस्टमध्ये फ्लोराइड असतं, कशाकशात झायलिटॉल, म्हणजे कुत्र्यांना विषारी असा गोडवा असतो, आणि तिला चूळ भरता येत नाही.

या सगळ्या तारखा लक्षात कशा राहणार? स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर. गॅस आणि दुधाच्या नोंदींशेजारी लाल पेनाने 'भु.ज.' म्हणजे जंत, 'भु.गो.' म्हणजे गोळी, जूनच्या आधी लेप्टो, आणि रेबीज तर मुलीच्या वाढदिवसाच्याच आठवड्यात येते, ते विसरायला जागाच नाही. नवीन वर्षाचं कालनिर्णय आलं की जुन्यावरच्या खुणा आधी उतरवायच्या, मगच जुनं काढायचं. आणि एक डबा, त्यात महिन्याला थोडे पैसे, त्यामुळे 'पुढच्या रविवारी बघू' याला पैशाचं कारण लागत नाही. दुसऱ्या वर्षीच्या तपासणीला डॉक्टरांकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. वजन ठीक, दात ठीक, रक्त ठीक, दोन टोचण्या. नवरा बाहेर येऊन म्हणाला, "एवढ्यासाठी आलो होतो?" हो, एवढ्यासाठीच.

राहिला बाळ्या. त्याच्या लसी वेगळ्या, मांजरांची तिहेरी आणि रेबीज, आणि त्याला माणसांची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा प्राणघातक ठरू शकते, हे मी औषधांच्या डब्यावर लिहूनच ठेवलंय. बोके पाणी कमी पितात, त्यांची लघवी अडू शकते. मातीच्या ट्रेमध्ये बसून नुसता कुंथतोय असं दिसलं तर उद्यापर्यंत थांबायचं नाही. म्हणून घरात तीन ठिकाणी त्याच्यासाठी पाण्याच्या वाट्या आहेत आणि नवऱ्याचा पाय रोज त्यातल्या एकीत पडतो. बाळ्याला दवाखान्यात नेणं हा मात्र वेगळाच प्रकार. टोपली दिसली की तो कपाटावर. आता टोपली महिनाभर आधीपासून ओसरीवर उघडी ठेवलीय, आत सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणि रोज सुकटीचे दोन तुकडे. काल तो पुढचे दोन पाय आत टाकून सुकट घेऊन गेला. मागचे दोन अजून बाहेर आहेत, आणि त्याची तारीख विसाला आहे.